तरुण मंडळासाठी निधी कसा उभारावा: इंदूरच्या नव्या कार्यकर्त्यांसाठी

दरवर्षी जून उजाडला की दोन-तीन मुलंमुली घरी येतात. हातात नवीकोरी वही, चेहऱ्यावर उत्साह. "काका, मंडळासाठी पैसे जमवायचेत. काय करू या?" मी विचारतो, "कशासाठी?" मग सगळे एकमेकांकडे बघतात. कोणी म्हणतं, "असंच, कार्यक्रमांसाठी." तिथून आमचं बोलणं सुरू होतं, आणि हा लेखही तिथूनच सुरू करतो.

मी बरीच वर्षं इंदूरमधल्या एका मराठी मंडळाच्या तरुण शाखेचा हिशेब सांभाळला. राजेंद्रनगर, लोकमान्यनगर, सुदामानगर, रामबाग अशा वस्त्यांतून आपली घरं विखुरलेली आहेत. माणसं एकमेकांना ओळखतात, निदान एकमेकांच्या आत्याला तरी ओळखतात. त्यामुळे इथे पैसे मागणं सोपं आहे, आणि त्याच कारणाने जपून मागायला हवं. ज्या दारात आज जाल, त्याच दारात पुढच्या वर्षीही जायचं आहे. उपक्रम निवडताना, पावती फाडताना, हिशेब मांडताना हे ध्यानात ठेवा.

आधी काम, मग आकडा

"मंडळाला मदत करा" म्हटलं की लोक पन्नासची नोट काढतात आणि दार लावून घेतात. "वाचनालयात मुलांच्या पुस्तकांना जागा नाही. चार कपाटं आणि पुस्तकं घ्यायची आहेत, ३८,००० रुपये लागतील" म्हटलं की तेच लोक विचारतात, "कपाटं लोखंडी घेताय का लाकडी?" हा प्रश्न आला की समजा, माणूस तुमच्या कामात शिरला.

म्हणून पहिल्या बैठकीत एकच काम ठरवा आणि त्याचा खरा आकडा काढा. अंदाजाने नव्हे, दुकानात जाऊन. एक कपाट ७,५०० रुपये, म्हणजे चारांचे ३०,०००, पुस्तकांचे ८,०००. हा कागद एका पानात मावला पाहिजे. खाली तारीख घाला: अमुक महिन्यापर्यंत जमवू, अमुक महिन्यात खरेदी करू. पैसे जास्त जमले तर काय आणि कमी पडले तर काय, तेही आत्ताच लिहा. नंतर ठरवायला बसलात की वाद होतात.

पुढची सगळी उदाहरणं याच ३८,००० च्या कामाची आहेत. त्यातले भाव समजण्यापुरते धरले आहेत. तुमच्या वर्षीचे तुम्ही काढा.

हात मोजा

यादीत पस्तीस नावं असतात, कामाला बारा येतात. हे कोणत्याही मंडळात चुकत नाही, त्याचा राग धरू नका. बाराच धरून आखणी करा. त्या बारांपैकी कोणाची परीक्षा कधी, कोणाची नोकरी पाळीची, कोणाकडे गाडी, कोणाची आई स्वयंपाकघर वापरू देईल, हे विचारून लिहून ठेवा. बोर्डाच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असतात, तेव्हा दहावी-बारावीच्या मुलांवर काही टाकू नका.

अठरा वर्षांखालच्या मुलांच्या पालकांची लेखी संमती घ्या. आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो: परवाना नसलेल्या मुलाला "जरा डबा पोचवून ये" म्हणून स्कूटरवर पाठवू नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात अशा वेळी पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कायदा राहू द्या बाजूला, पण मंडळाच्या डब्यापायी कोणाचं मूल पडलं तर कोणत्या तोंडाने त्या घरी जाणार?

कोणता उपक्रम शोभेल

मी प्रत्येक सूचनेला तीन प्रश्न लावतो. पैसे देणाऱ्याच्या हातात काही पडतं का? भांडवल किती अडकतं? आणि हे काम आपल्या मंडळाला विशेष येतं का? तिसरा प्रश्न मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. पोह्यांचा स्टॉल लावायचं दर वर्षी कोणीतरी सुचवतं. इंदूरमध्ये पोहे-जिलबी पहाटेपासून कोपऱ्याकोपऱ्यावर मिळते, आणि ती करणाऱ्यांचा हात पिढ्यांचा आहे. तिथे आपण काय विकणार? उकडीचे मोदक मात्र या शहरात सहजी मिळत नाहीत, आणि आपल्या आज्या-काकूंना ते डोळे मिटून येतात. तळणीचे मोदक शेजारच्या हिंदी भाषक घरांनाही ठाऊक असतात, उकडीचे बघून मात्र त्यांना नवल वाटतं. तिथे आपल्याला जागा आहे.

पहिल्या वर्षी तीनच उपक्रम घ्या: श्रावणात मातीच्या गणपतीची कार्यशाळा, चतुर्थीला मोदक, दिवाळीआधी रद्दी.

कार्यशाळेचं थोडक्यात सांगतो, कारण ती सोपी आहे. पन्नास जण, प्रत्येकी २५० रुपये, म्हणजे १२,५००. माणशी दोन किलो माती आणि वर वीस किलो जास्तीची, अशी १२० किलो. २५ रुपयांनी ३,००० रुपये. शिकवणाऱ्या कलाकाराचं मानधन २,०००. "आपलाच माणूस आहे" म्हणून फुकट राबवू नका. चहा आणि पाट मिळून ७५०. उरले ६,७५०. कार्यशाळा चतुर्थीच्या दोन आठवडे तरी आधी ठेवा, कारण पावसाळी हवेत मूर्ती वाळायला वेळ लागतो. मूर्ती सावलीत ठेवायची, उन्हात ठेवली की सोंडेला चीर गेलीच. घरी नेताना प्रत्येकाला हे सांगा, नाहीतर चौथ्या दिवशी फोन सुरू होतात.

मोदकांचा उपक्रम, जरा सविस्तर

यात शिकण्यासारखं खूप आहे, म्हणून इथे थांबतो.

हे काम आगाऊ नोंदणीवरच करायचं. नोंदणी चतुर्थीच्या आठ दिवस आधी बंद, पैसे नोंदवतानाच. "नंतर देतो"वाले भलेच असतात, पण त्यांच्यामागे फिरण्यात दिवाळी येते. पहिल्या वर्षी चाळीसच घरं घ्या, एका घराला अकरा मोदक. एकेचाळिसाव्या घराला हात जोडून नाही म्हणा. पुढच्या वर्षी ते पहिल्या दिवशी नाव देतील.

चाळीस घरांचे ४४० मोदक, आणि फाटणारे, फुटणारे, चाखणारे धरून ४८०. एक किलो पिठीत साधारण साठ मोदक बसतात, म्हणजे आठ किलो तांदळाची पिठी. नारळ चाळीस. गूळ पाच किलो. आता खर्च: नारळ ४५ रुपयांनी १,८००, पिठी ९६०, गूळ ३५०, तूप ७००, वेलची, खसखस, केशर ५००, खोकी ४८०, गॅस ९००. बेरीज ५,६९०. त्यावर चूकभूल, नासधूस धरून दहा टक्के, म्हणजे ५७०, आणि पोचवायचं पेट्रोल ५००. एकूण ६,७६०. मोदक ३० रुपयांनी, म्हणजे घरामागे ३३०. चाळीस घरांचे १३,२००. हातात राहिले ६,४४०.

हे दहा टक्के नवीन मुलं हमखास गाळतात. गाळू नका. नारळ फोडल्यावर दोन-तीन खवट निघतातच.

आता वेळेचं गणित. सवयीचा हात तासाला पंचवीस मोदक वळतो, नवा हात दहा-बारा. सहा जाणत्या बायका बसल्या तर सव्वातीन तास. लोकांना मोदक नैवेद्याआधी, म्हणजे अकराच्या आत हवे असतात. तेव्हा सारण आदल्या रात्री, आणि उकड पहाटे साडेचारला. सगळी उकड एकदम काढली तर शेवटची गार पडते आणि मग पाकळी घेताना चिरते. थोडी थोडी काढायची, ओल्या कापडाखाली ठेवायची.

आमच्या पहिल्या वर्षाची पहाट मला अजून दिसते. एका आजींनी पारीचा गोळा हातात घेतला, अंगठा आत, चार बोटं बाहेर, वाटी फिरवत नेली आणि कडेला चिमटे काढत पाकळ्या उभ्या केल्या. समोर अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाची तीन मुलं बसलेली. त्यातल्या एकाचा मोदक तिसऱ्यांदा बसला. आजी म्हणाल्या, "अरे, तूप-पाण्याचा हात लाव, आणि पिठावर जोर करू नकोस. ते तुझं ऐकतंय, तू त्याचं ऐक." साडेसातपर्यंत तो मुलगा बऱ्यापैकी कळ्या पाडत होता. अशा वेळी पैशाबरोबर आणखी काही हाती लागतं, आणि म्हणूनच मी हा उपक्रम आधी सुचवतो.

पोचवणीच्या वस्तीवार याद्या आदल्या रात्रीच करा. एका गाडीला सहा-सात घरांहून जास्त नको. खोक्यावर नाव, संख्या आणि "आजच खावे" एवढं असू द्या. खोकी कागदी. ताटल्या, चमचे, पेले अशा एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. शिवाय २०१७ पासून बरीच वर्षं स्वच्छतेत देशात पहिलं आलेल्या शहरात आपल्या कार्यक्रमानंतर कचरा पडलेला शोभत नाही. ओला आणि सुका वेगळा करायला दोन मुलं नेमून द्या.

खाण्याचे पदार्थ विकायचे तर खाद्यसुरक्षा नोंदणी लागते, लहान विक्रेत्यालाही. अर्ज ऑनलाइन होतो. महिनाभर आधी करा.

रद्दी: बिनभांडवली काम

एक वर्तमानपत्र घेणाऱ्या घरात महिन्याला साधारण चार किलो रद्दी साठते. शंभर घरांनी तीन महिने जपून ठेवली तर १,२०० किलो. किलोला १३ रुपये धरले तर १५,६०० होतात. टेम्पोचे १,५०० वजा करून १४,१००. तिन्ही उपक्रमांत सर्वांत जास्त हेच देतं, आणि खिशातून काही घालावं लागत नाही.

यात तीनच गोष्टी सांभाळायच्या. तीन रद्दीवाल्यांकडून भाव लेखी घ्या. वजनकाटा स्वतःचा न्या. आणि वर्तमानपत्र, पुठ्ठा, वह्या यांचे गठ्ठे पहिल्यापासून वेगळे बांधा, कारण सरमिसळ झाली की सगळ्याला सर्वांत कमी भाव लागतो. पावसाळा सरल्यावर, दिवाळीच्या साफसफाईच्या सुमारास हे घ्या. ओली रद्दी कोणी घेत नाही. घरोघरी आधीच एक चिठ्ठी द्या, मराठीत आणि हिंदीत. आपल्या इमारतीतली सिंधी, गुजराती, माळवी घरंही रद्दी आनंदाने देतात, फक्त त्यांना कोणी विचारत नाही.

देणगी सगळ्यांत शेवटी

६,७५०, ६,४४० आणि १४,१०० मिळून २७,२९० झाले. ३८,००० ला कमी पडतात १०,७१०. आता देणगीदारांकडे जा, आधी नको. "आम्ही सत्तावीस हजार स्वतः मिळवले, एवढेच कमी पडताहेत" असं सांगणाऱ्या मुलांना रिकाम्या हाताने परत पाठवणारा माणूस मी अजून पाहिला नाही. या शहराला वर्गणीचं वळण जुनं आहे. अनंत चतुर्दशीला रात्रभर चालणाऱ्या गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले सजवलेले देखावे, बघा. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली, कामगारांची देणी मिळायला २०२३ उजाडलं, तरी झांकी निघत राहिली, ती लोकांनी दिलं म्हणून.

मोठ्यांकडे जाताना दोघांनी जा, चौघांनी नको. आधी फोन करा. रक्कम त्यांच्यावर सोडा. कोणी नाही म्हटलं तर चहा घेऊन हसत बाहेर पडा, आणि गल्लीत त्याची चर्चा करू नका.

काही बाबतींत मात्र नीट माहिती असू द्या. कोणी करसवलतीची पावती मागेल. देणगीवर आयकर सवलतीची मान्यता (१९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ८०जी) असलेल्या नोंदणीकृत संस्थेलाच ती देता येते, आणि तीही २,००० रुपयांपर्यंतच्या रोख देणगीला किंवा त्यापुढे बँकेतून आलेल्या रकमेला. तुमचं मंडळ नोंदलेलं नसेल तर "बघू, करू काहीतरी" म्हणू नका. स्पष्ट नाही सांगा. परदेशातला कोणाचा भाचा डॉलर पाठवतो म्हणाला तर त्याचं नागरिकत्व विचारा. भारतीय पासपोर्ट असलेल्याने आपल्या कमाईतून दिलेलं चालतं. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलेल्याकडून पैसे घ्यायला २०१० च्या परकीय योगदान कायद्याखाली नोंदणी किंवा परवानगी लागते, मग तो सख्खा भाऊ का असेना.

जाहिरातदार म्हणून गुटखा-तंबाखूवाले पुढे येतात आणि रक्कमही घसघशीत बोलतात. तंबाखूच्या प्रायोजकत्वाला २००३ च्या कायद्याने मनाई आहे, आणि मुलांच्या वाचनालयाच्या कपाटावर तसलं नाव असावं असं मला वाटत नाही.

हे करू नका

लकी ड्रॉ. दहा रुपयांचं कूपन, पहिलं बक्षीस सायकल. ऐकायला निरागस वाटतं. पण पैसे घेऊन चिठ्ठीवर बक्षीस म्हणजे लॉटरी, आणि सरकारची परवानगी नसलेली लॉटरी चालवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तिकीट लावून रोख बक्षिसांचा तंबोलाही मी याच खात्यात टाकतो.

फटाक्यांची विक्री नको, त्याला परवाना लागतो आणि धोका वेगळाच. गाड्या अडवून वर्गणी नको. लहान मुलांच्या हातात डबे देऊन त्यांना चौकात उभं करू नका.

तिकीट लावून नाटक पहिल्याच वर्षी घेऊ नका. इंदूरचा मराठी प्रेक्षक चोखंदळ आहे, 'सानंद'सारख्या संस्थेने त्याला चांगलं बघायची सवय लावली आहे. सभागृहाचं भाडं, ध्वनी, प्रकाश, लेखकाची परवानगी आणि मानधन यांत हात पोळतात. तिसऱ्या-चौथ्या वर्षी जरूर करा. मोकळ्या जागेत काही केलंत तर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवावा लागतो, त्या बेताने आखा. आणि रंगपंचमीच्या गेरीच्या, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीच्या, दिवशी राजवाड्याच्या आसपास स्टॉलचा विचारही नको.

पैसा कोणाच्या हातात

हे मी स्वतः ठेच लागून शिकलो. एका वर्षी मोदकांचे पैसे घ्यायला आम्ही एका मुलाच्या फोनवरचा क्यूआर कोड दिला. मुलगा सोन्यासारखा, घर ओळखीचं. दहा दिवसांत त्याच्या खात्यात आठ-नऊ हजार आले. त्याच आठवड्यात त्याच्या गाडीचा हप्ता आपोआप कापला गेला आणि मंडळाचे साडेतीन हजार त्यात गेले. त्याला कळलंसुद्धा नाही. नारळाचे पैसे द्यायची वेळ आली तेव्हा खातं रिकामं. पोराचा चेहरा पांढरा पडला. पगार झाल्यावर त्याने सगळे भरले, पण मधले पंधरा दिवस तो बैठकीला आला नाही, आणि कोणीतरी मागे कुजबुजलंच. चूक त्याची नव्हती, मोठा म्हणून माझी होती.

तेव्हापासून आमचा रिवाज असा: मूळ मंडळाच्या खात्याचाच क्यूआर. मंडळ नोंदलेलं नसेल तर दोघांच्या संयुक्त सह्यांनी चालणारं वेगळं खातं, ज्यात घरचा एक रुपया येणार नाही की जाणार नाही. रोख रक्कम त्याच दिवशी दोघांनी मोजायची, वहीत दोघांची सही, दुसऱ्या दिवशी बँकेत. आलेल्या रोखीतून परस्पर खर्च करायचा नाही. वीस रुपयांचा कोथिंबिरीचा खर्चसुद्धा आधी जमा, मग नावे.

पावती पुस्तकांवर छापील क्रमांक आणि स्थळप्रत हवी. कोणतं पुस्तक कोणाला दिलं, ते लिहून ठेवा. परत आल्यावर पानं मोजा. खराब झालेली पावती फाडून टाकायची नाही, "रद्द" लिहून पुस्तकातच ठेवायची. ऑनलाइन पैसे देणाऱ्यालाही पावती द्या. फोनवर संदेश येतो तो बँकेचा. आपण पैसे पोचल्याचं सांगितलं पाहिजे ते पावतीने.

खजिनदार आणि खरेदी करणारा एकच माणूस नसावा. हे अविश्वासापोटी नाही. एकट्यावर भार पडला की बिलं हरवतात, आणि हरवलेल्या बिलाचा खुलासा करत बसणं फार वाईट असतं.

हिशेब आणि वही

खरेदी झाल्यापासून पंधरा दिवसांत जमाखर्च मांडा. एका पानावर, सगळ्यांना वाचता येईल अशा अक्षरात, वाचनालयाच्या फळ्यावर लावा आणि ज्यांनी एक मोदक घेतला त्यांनाही पाठवा. तोटा झाला असेल तर तोही लिहा. एका वर्षी कार्यशाळेला पाऊस लागला, निम्मे लोक आले, आम्ही तसंच लिहिलं. पुढच्या वर्षी तिघांनी स्वतःहून मांडव देऊ केला.

देणगीदारांना कपाटं बघायला बोलवा. भाषण नको, हार नको. मुलांनी पुस्तकं लावताना त्यांनी तिथे असलं म्हणजे झालं. ज्या काकू पहाटे साडेचारला आल्या, त्यांच्या घरी जाऊन सांगा की त्यांच्या मोदकांतून जवळजवळ एक कपाट झालं.

आणि एक जाड वही करा, दर वर्षी पुढच्या खजिनदाराकडे जाणारी. त्यात भाव, दुकानं, कोणाच्या गाडीत किती खोकी बसली, कोणत्या घरी कुत्रा आहे, सगळं लिहा. आमच्या वहीत पहिल्या वर्षाच्या पानावर एका मुलीने लिहून ठेवलंय: "मोदकपात्रं तीन कमी पडली, पाच आणावीत. केळीची पानं आदल्या संध्याकाळी धुऊन पुसून ठेवावीत. आजींना पाठीला टेकायला खुर्ची द्यावी." पुढच्या वर्षी पाच पात्रं आली आणि खुर्चीही आली.